‘मॅजेस्टिकली’ला ‘ऐटीत’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘मॅजेस्टिकली’ या इंग्रजी क्रियाविशेषणाचा नेमका अर्थ काय, आणि मराठीत त्याला ‘ऐटीत’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते बहुतेक ठिकाणी चालणार नाही.

मूळ लॅटिन ‘माइएस्तास’ म्हणजे मोठेपण, थोरवी. रोमन कायद्यात या थोरवीला धक्का लावणं हा गुन्हा होता. पुढे हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि इंग्लंडच्या राजाचं संबोधन झाला. त्यामुळे ‘मॅजेस्टिकली’त भव्यता आहे, पाहणाऱ्याच्या मनात उमटणारा आदर आहे आणि बहुधा संथपणाही आहे. म्हैसूरच्या दसऱ्याला सुमारे 750 किलोंची अंबारी पाठीवर घेऊन हत्ती चालतो, ते चालणं या शब्दात बरोबर बसतं. हरणामागे सुसाट धावणारा चित्ता कितीही देखणा दिसला तरी त्याच्या धावण्याला हा शब्द सहसा कोणी लावत नाही.

‘ऐटीत’ची अडचण वेगळी आहे. ऐट मिरवणाऱ्याला आपण ऐटीत आहोत हे पक्कं ठाऊक असतं. नवी सायकल मिळालेलं पोर गल्लीतून ऐटीत फिरतं. ‘दिमाखात’मध्येही तोच भाव: अरबी-फारसीतला ‘दिमाग’ म्हणजे मेंदू, पण गर्व हाही त्याचा एक अर्थ, आणि मराठीने तोच उचलला. इंग्रजी शब्दाला असा गर्व लागत नाही, म्हणून तो नदीला, पर्वतालाही सहज लागतो. ‘गंगा ऐटीत वाहते’ हे मात्र कानाला खटकतं.

हत्ती, राजहंस, शिडाचं जहाज, घिरट्या घालणारा गरुड यांच्यासाठी ‘डौलात’ किंवा ‘डौलाने’ सुंदर बसतं. माणसासाठी ‘रुबाबात’, ‘राजेशाही थाटात’. स्थिर वस्तूंना मात्र डौलही पुरत नाही. तिथे क्रियाविशेषणाचा हट्ट सोडून सरळ ‘समोर कांचनगंगा भव्य उभी होती’ असं लिहावं. ‘भव्यपणे उभी होती’ लिहिलं की वाक्याला भाषांतराचा वास येतो.

‘रॉयली’ हा शब्द याच्या जागी वापरताना जपा. बोली इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पुरता, सपशेल’ असाही होतो; ‘रॉयली’ फसलेला माणूस थाटात नव्हे, पुरता फसलेला असतो.

उच्चारात जोर ‘जे’वर द्यायचा, आणि शेवटी ‘कली’ म्हणायचं. स्पेलिंगमध्ये ‘कॅली’ दिसतं, पण त्यातला ‘अॅ’ कोणी उच्चारत नाही.