उजनीत गळाला लागलेला तो मासा

अरे भावा, उजनी धरणात गळाला लागलेला हा मासा कोणता असं विचारतोयस, पण नुसता वरून काढलेला फोटो पाठवू नकोस, त्यावरून कुणालाच नीट सांगता येत नाही. मासा आडवा ठेव, पाठीवरचा पर उघडून धर, शेजारी दहाचं नाणं ठेव, आणि तोंडाचा न पोटाचा फोटो मस्ट. तू म्हणतोस अंग खरखरीत आहे, म्हणजे आपला शिंगटा (मिशांचा देशी मासा) नाही, त्याची कातडी गुळगुळीत असते. तोंड खाली, चकतीसारखं चिकटणारं असेल आणि अंगावर कडक पत्रे असतील तर तो सकर मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, लोकांनी घरच्या टाकीतून सोडलेला. परांचे काटे जाड असतात, हात जपून. आणि प्लीज, तो परत पाण्यात सोडू नकोस रे.