आरमोरीची शाखा नाकारू नकोस

“ताई, मी 25 वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते. बी.कॉम. झालं. दोन सीझन झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीवर, वडशाच्या एका नाटक कंपनीत कॅरेक्टर रोल करून राहिले आहे. आता बँकेत क्लार्क म्हणून निवड झाली, शाखा मिळाली आरमोरी. आई खूश आहे. बाबा मात्र ‘गडचिरोली जिल्हा नको’ म्हणत नागपूरला बदली व्हावी म्हणून ओळखी काढून राहिले आहेत. मामा म्हणतात, एलकुंचवारांनी कॉलेजात शिकवूनच नाटकं लिहिली ना! मैत्रीण म्हणते, मन मारून जगू नको. दिवाळीनंतर नाटकं सुरू होतील आणि मी काउंटरवर बसलेली असेन, या विचाराने झोप लागत नाही. काय करू?”

प्रिय मुली,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. नोकरी घे. आणि बाबांना सांग की बदलीसाठी कुणालाही फोन करू नका.

नागपुरातल्या मुलांना गडचिरोली जिल्ह्यातली शाखा म्हणजे शिक्षा वाटते. रुजू झाल्या दिवसापासून परत यायची खटपट सुरू होते. पण तुझं नाटक काही धरमपेठेत होत नाही. ते होतं वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा या पट्ट्यात, धान घरात आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत. आरमोरी त्या पट्ट्याच्या अगदी मधोमध आहे. बाबांनी प्रेमापोटी तुला नागपुरात बर्डीच्या शाखेत आणून बसवलं, तर नोकरी नाही, ती बदलीच तुझं नाटक संपवेल.

मामांचं उदाहरण खरं आहे. महेश एलकुंचवार आपल्या नागपुरात इंग्रजी शिकवत होते आणि नाटकं लिहीत होते. पण लिहिणाऱ्याला पहाटे टेबलाशी बसता येतं. नटीला रात्री नऊला मेकअप करून एखाद्या गावच्या पटांगणात हजर असावंच लागतं, आणि झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. दहाला काउंटर उघडायचं असेल तर मंगळवारची नाईट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, तुला करता येणार नाही. बँकेला सगळे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते. किरकोळ रजा वर्षाला 12. हक्काची रजा पहिले काही महिने वापरताच येत नाही. म्हणजे पहिल्या सीझनला तुझ्या हातात काही शनिवारच्या रात्री उरतात. कंपनी अख्ख्या सीझनचा संच बांधते, त्यामुळे मोठी भूमिका यंदा जाईल. हे नुकसान आहे आणि ते मी तुला लहान करून सांगणार नाही.

दुसरं, चोरून काही करू नकोस. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर धंदा-व्यवसाय करणं हे सेवाशर्तींत गंभीर गैरवर्तन धरलं जातं. आणि झाडीपट्टीत तर पोस्टरवर फोटोसकट नाव छापतात, लपणार काय? रुजू झालीस की पहिल्या महिन्यातच अर्ज दे. कला म्हणून सुट्टीच्या दिवशी काम करते, असं स्वच्छ लिही. उत्तर येईपर्यंत नाईटचं पाकीट, म्हणजे मानधन, घेऊ नकोस.

आता मैत्रिणीचं. तुझ्या लांब पत्रातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तिसऱ्या अंकात लाइट गेली, माईक बंद पडला, प्रॉम्प्टरचा आवाज येईना आणि तू अंधारातच रडणं चालू ठेवलंस. तेव्हा पुढे बसलेली म्हातारी म्हणाली, “नको रडू वो माय.” मुली, हे शिकवून येत नाही. तुझ्यात ते आहे आणि ते सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच पत्रात, शेवटच्या पानावर, तू हेही लिहिलंस की गेल्या सीझनचे काही पैसे अजून यायचे आहेत, पावसाळ्यात तू गांधीबागेत साड्यांच्या दुकानात उभी होतीस आणि नको असताना एका नाटकात नाचाचं गाणं करावं लागलं, कारण ‘नाही म्हटलं असतं तर पुढच्या नाईट गेल्या असत्या’. तुझं मन तिथे मारलं गेलं, बँकेत नव्हे. महिन्याच्या महिन्याला पगार येत असेल तर तुला ते गाणं नाकारता येईल. ज्या नटीला चुलीची चिंता आहे तिचा दर दुसराच कुणी ठरवतो. मला तुझ्या हातात ‘नाही’ म्हणायची ताकद हवी आहे.

बाबांशी भांडू नकोस. झाडीपट्टी म्हणजे जत्रेतला खेळ असं त्यांना वाटत असेल, तर परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी, हे त्यांना सांग. पण मला वाटतं त्यांची खरी भीती वेगळी आहे. पहाटे चारला जंगलातल्या रस्त्याने मुलगी कुणाच्या गाडीने परतते, ही ती भीती आहे, आणि ती खोटी नाही. गाडी कोण चालवतं, सोबत कोण असतं, आरमोरीत खोली कुठे घेणार, हे सगळं त्यांना सांग. एकदा त्यांना नाटकाला घेऊनच जा.

नोकरी आज सोडलीस तर परीक्षा परत देता येते, वयाची अट 28 आहे, राखीव प्रवर्गांना त्यात सूटही आहे. पण एकदा झालेली निवड पुन्हा होईलच असं कुणी सांगावं? उलट नोकरी धरून दोन सीझन काढ, वर्षभराचा खर्च बाजूला टाक. मग एखाद्या कंपनीने मुख्य भूमिका आणि नाईटचा दर लेखी दिला, तर राजीनामा दे. त्या दिवशी मला पुन्हा लिहिलंस तर मी तुला अडवणार नाही.

सध्या एवढंच कर. दिवाळीआधी वडशाला जा, मालकांना समोर बसून सांग, फोनवर नको. शनिवारच्या नाईटला चालेल असं दोन प्रवेशांचं काम माग. आईचं, शेजारणीचं, वेडीचं, जे असेल ते.

तुझी,
ताई