रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हे होतं तरी काय?

"ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. मग मी काय नाटक करतेय का?" मेधाताईंनी (नाव, तपशील बदलले आहेत) फाइल माझ्यापुढे जरा आपटलीच. पॅनिक अटॅक येणारे बरेच जण हेच विचारतात, आणि त्यांचा राग रास्त असतो. "तुम्हाला काही झालेलं नाही" असं ऐकून ती माणसं घरी आलेली असतात. झालेलं तर असतंच.

पहिला अटॅक डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये. छातीत धडधड, दरदरून घाम, हातांना मुंग्या, श्वास पुरेना, आता आपण जाणार. अर्ध्या तासात सगळं ओसरलं. पॅनिक बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग आपसूक उतरू लागतं.

दुखणं वाढलं ते नंतर. दर स्टेशनला उतरता येतं म्हणून त्या स्लो लोकल पकडू लागल्या. मग फोनवर नवरा हवा. मग पर्समध्ये पाण्याची बाटली आणि शेजारच्या काकांनी दिलेली सॉर्बिट्रेट. (रक्तदाब उतरवणारी हृदयविकाराची गोळी लोक बडीशेपेसारखी कशी वाटतात, कोण जाणे!) पुढे लग्नकार्यं बंद, मॉल बंद.

एखादा अटॅक कुणालाही येऊ शकतो. पण अचानक येणारे अटॅक वारंवार येऊ लागले आणि पुन्हा येईल ही धास्ती किंवा त्यापायी सुरू झालेली टाळाटाळ महिनाभर तरी टिकली, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. सुखरूप पोचल्याचं श्रेय दर वेळी बाटलीला आणि फोनला मिळतं. त्यांच्याशिवायही काही झालं नसतं, हे मनाला कळायला वावच उरत नाही.

हृदय ठीक असल्याची डॉक्टरांनी खात्री दिली होती, म्हणून आम्ही दोघींनी मिनिटभर भराभर खोल श्वास घेतले. मेधाताईंच्या बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. "अहो, हेच! गाडीत हेच होतं!" भीतीने श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून मुंग्या आणि चक्कर. ऑक्सिजन पुरेसा असतो. "आणि मी बेशुद्ध पडले तर?" त्यासाठी सहसा रक्तदाब एकदम उतरावा लागतो, पॅनिकमध्ये तो बहुधा चढतो.

मग पुन्हा फास्ट लोकल. आधी डोंबिवली ते ठाणे, फोन न लावता. धडधड सुरू झाली तरी तिच्याशी झगडायचं नाही, तिथेच बसून ती उतरू द्यायची. सोबत मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. अशा गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी बेचैनीही वाढू शकते. नेमकं तेव्हाच लोक त्या सोडतात. सवय लागण्याचा धोका असतो तो झटपट शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा.

छातीत पहिल्यांदाच दुखलं, जिना चढताना दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर मात्र स्वतःच पॅनिक ठरवून बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. मनाच्या त्रासासाठी कुणाशी बोलायचं ते सुचत नसेल, तर सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

मेधाताईंना अधूनमधून अटॅक येतो, पण त्या गाडीतून उतरत नाहीत. सॉर्बिट्रेट गेली. बाटली राहिली, मे महिन्यात लोकलला पाणी लागतंच, तेव्हा तो वाद मी सोडून दिला.