छिद्रं जुळली म्हणून कॉइल जुळली असं नाही

प्रश्न: चेनसॉच्या प्लगला ठिणगी येत नाही, कॉइल गेली असावी. ऑनलाइन शोधलं तर दिसायला सारख्याच चार-पाच कॉइल दिसतात. स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर जुळलं की कुठलीही चालते का?

उत्तर: बसेल. बहुतेक वेळा मशीन चालूही होईल. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण चुकीची कॉइल लगेच नाही म्हणत नाही.

हे मी एक पिस्टन घालवून शिकलो. सत्तर सीसीच्या जवळपासचा एक जुना चेनसॉ होता, कॉइल मेलेली. माझ्याकडे अगदी तशीच दिसणारी एक कॉइल पडलेली होती. छिद्रं जुळली, वायरची लांबी जुळली, तिसऱ्या दोरीला मशीन धडधडायला लागलं. फुल रेसवर मात्र फडफडल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज ओळखीचा होता, मिक्श्चर रिच असलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, की टू-स्ट्रोक असाच तुटक बोलतो. म्हणून मी कार्ब्युरेटरचा एच स्क्रू, म्हणजे फुल रेसवरचं पेट्रोल ठरवणारा, थोडा आत घेतला. फडफड तशीच. आणखी थोडा घेतला, तरी तशीच. शेवटी ‘इतकं चालतं’ म्हणून लाकडाला लावला. पहिली टाकी संपायच्या आतच कापता कापता आवाज एकदम चढला आणि इंजिन थांबलं. सिलिंडर उघडला तर एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन उभाच्या उभा खरवडलेला.

ती कॉइल रेव्ह लिमिटरवाली होती. मूळची बिनलिमिटरची. लिमिटर म्हणजे ठरावीक फेऱ्यांच्या वर गेलं की कॉइलच मधल्या मधल्या ठिणग्या गाळते, आणि कानाला ते हुबेहूब रिच मिक्श्चरसारखं वाटतं. मी पेट्रोल कमी करत होतो आणि फडफड जात नव्हती, कारण ती पेट्रोलची नव्हतीच. लाकडात शिरल्यावर फेऱ्या लिमिटच्या खाली आल्या, कॉइल पूर्ण ठिणगी द्यायला लागली आणि उपाशी इंजिन तापून चिकटलं. म्हणून ‘कोणती बसेल’ यापेक्षा ‘माझ्या मशीनला कोणती कॉइल दिलेली होती’ हे आधी शोधा.

पण त्याआधी कॉइल खरंच गेली आहे का ते बघा. स्टॉप स्विच दाबला की कॉइलचं प्रायमरी वायंडिंग, म्हणजे तारेचं पहिलं वेटोळं, अर्थ होतं (मशीनच्या बॉडीला जोडलं जातं) आणि ठिणगी बंद होते. त्या स्विचची बारीक वायर कुठे घासून सोलली, सिलिंडरला किंवा बॉडीला टेकली, की मशीनला वाटतं तुम्ही कायमच स्टॉप दाबून ठेवलाय. तेव्हा कॉइलवरून ती एकच वायर काढा, नवा प्लग लावा आणि पुन्हा तपासा. ठिणगी आली तर कॉइल धडधाकट आहे, वायर किंवा स्विच बदला. एक लक्षात ठेवा, ही वायर काढलेली असताना मशीन चालू झालंच तर ते स्विचने बंद होणार नाही, चोक ओढून मारावं लागेल.

ठिणगी बघताना प्लग हातात धरून सिलिंडरच्या भोकाजवळ नेऊ नका. आतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, भडका उडतो. प्लग आणि कॅपच्या मध्ये लावायचा साधा टेस्टर मिळतो, तो वापरा. प्लग जागेवरच राहतो, म्हणून कॉम्प्रेशनच्या दाबाखाली ठिणगी येते का ते कळतं. उघड्यावर निळी ठिणगी देणारी अशक्त कॉइल दाबाखाली गप्प बसलेली मी पाहिली आहे. मल्टिमीटरवर फार विसंबू नका. सेकंडरी, म्हणजे प्लगकडे जाणारं दुसरं वायंडिंग, पूर्ण तुटली असेल तर कळेल, पण हल्लीच्या कॉइलमध्ये ट्रान्झिस्टर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं असतं. ते बिघडलं आहे की नाही हे ओहममध्ये दिसत नाही.

‘थंड असताना चालतो, पंधरा-वीस मिनिटांनी तापला की मरतो, गार झाला की पुन्हा चालतो’ ही तक्रार कॉइलची असू शकते. पण पेट्रोल टाकीचं व्हेंट, म्हणजे टाकीत हवा आत घेणारं भोक, तुंबलं तरी अगदी हेच होतं. मरतो त्याच क्षणी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि लगेच चालू झाला तर कॉइलचे पैसे वाचले. झाकणाने फरक पडला नाही तर गरम असतानाच ठिणगी तपासा. गार झाल्यावर तपासून काहीच कळणार नाही.

आता निवड. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे पार्ट नंबर, मॉडेलचं नाव नव्हे. एकाच नावाच्या मशीनमध्ये काही वर्षांनी कॉइल बदललेली असते, आणि वेगवेगळ्या नावांच्या मशीनमध्ये एकच असते. श्टील कंपनीच्या भागाचा नंबर ११ आकडी असतो. पहिले चार आकडे मशीनची मालिका सांगतात, मधले तीन भागाचा गट, शेवटचे चार नेमका भाग. इग्निशनचा गट ४००. म्हणजे ११३० ४०० १३०२ हा ०१७, ०१८, एमएस १७० आणि एमएस १८० यांच्या ११३० मालिकेतला. ०००० ने सुरू होणारा नंबर कुठल्याही एका मालिकेचा नसतो, तो अनेक मालिकांना लागतो. ०००० ४०० १३०० हा ०२४, ०२६, ०३६, ०४४ अशा बऱ्याच जुन्या मशीनना चालतो. तेव्हा जुन्या कॉइलवरची घाण ब्रशने साफ करून नंबर वाचा, मग पार्ट्स लिस्टमध्ये तुमच्या मशीनच्या सीरियल नंबरशी पडताळा. ‘या सगळ्या मॉडेलला बसते’ म्हणून विक्रेत्याने लावलेली लांबलचक यादी हा पुरावा नाही. एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेल्या याद्या मी पाहिल्या आहेत, चुकांसकट.

नंबर पुसला असेल तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनासोबत फिरणारं मॅग्नेटवालं चाक बघा, कारण कॉइल एकटी काम करत नाही. फ्लायव्हीलमधले मॅग्नेट कॉइलच्या पायांसमोरून जातात, प्रायमरीत करंट तयार होतो, आतलं सर्किट तो नेमक्या क्षणी तोडतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उसळतात. तो क्षण कोणता, हे मॅग्नेटची जागा, त्यांचे ध्रुव, फिरायची दिशा आणि आतलं सर्किट मिळून ठरवतात. मिनिटाला १२,००० फेऱ्यांना इंजिन सेकंदाला २०० वेळा फिरतं, म्हणजे एक अंश फिरायला सेकंदाचा साधारण सत्तर हजारावा भाग लागतो. इतक्यात काम उरकायचं असतं. ध्रुव उलटे असलेलं फ्लायव्हील आणि भलत्या मालिकेची कॉइल एकत्र आली तर ठिणगी येईलही, पण भलत्याच वेळी. मग दोरी हातातून हिसका देऊन परत ओढली जाते, किंवा चालू होऊन आयडलवर (रेस न देता) टिकत नाही, किंवा रेस घेताना अडखळतं. म्हणून आधी कोणी फ्लायव्हील बदललं असेल तर कॉइल त्या फ्लायव्हीलला जुळणारी हवी, स्टिकरवरच्या मॉडेलला नाही.

मापं शेवटी घ्या, आणि ती फक्त ‘ही नक्की नाही’ म्हणायला वापरा. छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, लोखंडी पाय दोन की तीन, त्यांची रुंदी, फ्लायव्हीलकडच्या तोंडाची गोलाई, प्लगची वायर कुठल्या बाजूने निघते, स्टॉप वायरची पट्टी कुठे आहे. यातलं एक जरी वेगळं असलं तर ती बाजूला ठेवा. सगळी जुळली तरी ‘होय’ म्हणता येत नाही, माझ्या पिस्टनला विचारा.

लिमिटरचं वरून ओळखता येत नाही, ते नंबरवरूनच कळतं. मूळ कॉइल लिमिटरची असेल तर तशीच घ्या. ‘बिनलिमिटरची लावली की ताकद वाढते’ असं सांगणारे भेटतील. ताकद वाढत नाही, फक्त हवेत रिकामा फिरताना इंजिन स्वतःला फाडून घ्यायला मोकळं होतं. आणि कॉइल लिमिटरची असेल तर एच स्क्रू फक्त कानाने लावू नका. टॅकोमीटर लावून कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या आत आणा, मग कापताना आवाज ऐका. लाकडाबाहेर थोडा तुटक, लाकडात शिरला की साफ, असा आवाज हवा.

मशीनवर एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यून (कार्ब्युरेटर आपोआप लावणारी यंत्रणा) असं लिहिलं असेल तर पर्यायी कॉइल शोधूच नका. त्यात इग्निशन आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरवणारं इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांना जोडलेलं असतं, वायरिंगच वेगळं असतं. मूळ पार्टच लागतो, बऱ्याचदा सेटिंगसकट. उलट टोकाला, प्लॅटिनम पॉइंट (ट्रान्झिस्टरऐवजी उघडझाप करून करंट तोडणारे) आणि कंडेन्सरवाले फार जुने सॉ. त्यांना पॉइंटच्या जागी लावायची छोटी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतात आणि मूळ कॉइल चांगली असेल तर ती छान चालतात.

बिनब्रँडच्या कॉइल सगळ्या वाईट असतात असं मी म्हणणार नाही. महिन्यातून दोनदा फांद्या तोडायला पुरतात. पण एकसारख्या पाकिटातल्या दोन कॉइलमध्ये लिमिटरचा फरक निघालेला मी पाहिलाय, म्हणून रोजच्या कामाच्या मशीनला मी मूळचीच लावतो. मूळची नवी मिळत नसेल तर भंगारातल्या त्याच मॉडेलच्या मशीनची काढलेली, गरम करून तपासलेली जुनी कॉइलही मला नव्या अनोळखीपेक्षा बरी वाटते.

बसवताना प्लगची कॅप काढून ठेवा. कॉइल जिथे बसते ती जागा आणि फ्लायव्हीलचे मॅग्नेट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गंज असला तर अर्थ नीट मिळत नाही. मॅग्नेट कॉइलसमोर आणा, स्क्रू सैल ठेवा, मध्ये साधारण ०.३ मिलिमीटरची पट्टी सरकवा. व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढंच असतं. मॅग्नेट कॉइल स्वतःच ओढून घेतो, तसंच धरून स्क्रू आवळा, पट्टी काढा आणि फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. कुठेही घासता कामा नये. मॅन्युअलमध्ये वेगळी गॅप दिली असेल तर तीच घ्या. गॅप जास्त झाली तर दोरी ओढताना ठिणगी लंगडी पडते आणि नवी कॉइलही खराब निघाली असं वाटायला लागतं.

नवी लावूनही दोरी हिसका देत असेल तर फ्लायव्हील काढून चावी, म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी अडकवणारा तुकडा, बघा. ती तुटून फ्लायव्हील जरासं सरकलं की कुठलीही कॉइल वेळेवर ठिणगी देणार नाही. काही मशीनमध्ये ही चावी वेगळी नसते, फ्लायव्हीलच्या ॲल्युमिनियममध्येच ओतलेली असते, त्यामुळे ‘चावी दिसतच नाही’ म्हणून घाबरू नका, ती ओतलेली चावी झिजली आहे का ते बघा.

जुन्या कॉइलवरचा आणि फ्लायव्हीलवरचा नंबर, दोन्हींचे फोटो इथे टाका. मशीन कुठल्या मालिकेचं आहे ते कळलं की नेमकी कोणती घ्यायची ते सांगता येईल.