तळाशी बसलेला गोल्डफिश: औषधाची बाटली बाजूला ठेवा, आधी पाणी तपासा

ताई, तुम्ही सगळं नीट सांगितलंत म्हणून बरं झालं. दोन फुटी टाकी, तीन गोल्डफिश, त्यातला केशरी चार दिवसांपासून कोपऱ्यात तळाशी बसून आहे. पर मिटलेले, कल्ले भरभर हलतात, गालांवर पांढरे ठिपके. आठवड्यापूर्वी तुम्ही सगळं पाणी काढलंत, खडी गरम पाण्यात उकळली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला. दुकानात व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे दाणे आणणारा परजीवीचा आजार) सांगून निळं औषध दिलंय आणि ते टाकीत घालू का, असं तुम्ही विचारताय.

आज घालू नका.

माझा पहिला संशय त्या साफसफाईवर आहे. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. स्पंजमध्ये आणि खडीवर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी सोसतो, पहिले दोन विषारी. उकळणं आणि क्लोरीनचं पाणी यांनी ही फौज जवळजवळ संपते, आणि ती पुन्हा उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ दिसत राहतं. म्हणून नजरेवर विसंबू नका, थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. सोबत पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी तेही, मोजा, कारण पीएच 7 वरून 8 वर गेला की तितक्याच अमोनियातला विषारी वाटा साधारण दहापट होतो.

दुसरी गोष्ट आपल्या नाशिकची. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं येतं. गोल्डफिशला थंडी चालते, पण एका तासात सहा-सात अंशांचा धक्का चालत नाही. तुम्ही सकाळी सातला थेट नळाला पाइप लावून टाकी भरलीत, म्हणजे एकाच वेळी धक्काही बसला आणि महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीनही आत गेलं. क्लोरीन कल्ले भाजतं. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की नळाला क्लोरीनचा वास जास्त जाणवतो, तेव्हा तर फारच जपा.

आज संध्याकाळपासून एवढं करा. पाव हिस्सा पाणी काढा आणि तेवढंच नवं पाणी अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घालून, टाकीच्या तापमानाला आणून, मगाने हळूहळू सोडा. आकडे शून्यावर येईपर्यंत हे रोज. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. खाणं तीन दिवस पूर्ण बंद, मोठ्या गोल्डफिशला त्याने काही होत नाही. मुलीला समजावून सांगा, तिच्या हातचं खाणं आता पाण्यात जाऊन अमोनियाच होणार आहे. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथल्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. याच्याइतका लवकर गुण दुसऱ्या कशाने येत नाही. यापुढे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा पिळून, बस.

नायट्राइट निघाला तर साधं खडे मीठ उपयोगी पडतं, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. तुमची टाकी 60×30×30 सेंटिमीटर म्हणजे 54 लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 45 लिटरच धरा. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे 45 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं. मीठ उडून जात नाही, त्यामुळे नंतर जितकं पाणी बदलाल तितक्याच पाण्यापुरतं मीठ घालायचं. टाकीत झाडं असतील तर आधी ती बाहेर काढा.

आता ते ठिपके. इथे घाई करू नका, कारण या दिवसांत, थंडी सरता सरता, नर गोल्डफिशच्या गालांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर बारीक पांढरे उंचवटे येतात. ती विणीच्या हंगामाची खूण आहे, आजार नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका धडधाकट नराला दहा दिवस औषधात ठेवलं आणि तो गेला. ती चूक मला अजून बोचते. फरक असा: व्हाइट स्पॉटचे दाणे रव्यासारखे, अंगावर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले, आणि रोज वाढणारे, मासा खडीला अंग घासतो. विणीचे ठिपके गालांवर आणि पुढच्या परांवरच राहतात, ओळीत दिसतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून पाहा.

खरोखर व्हाइट स्पॉट निघाला तर औषध हवंच, पण मॅलाकाइट ग्रीन असलेलं, आणि फिल्टरमधला कार्बन आधी काढून, नाहीतर तो औषध शोषून घेतो. तो परजीवी कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याला लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो. पंचवीस अंशांना हे चक्र आठवडाभराचं असतं, पंधराला कितीतरी लांबतं. म्हणून ठिपके गेले तरी औषध मध्येच थांबवायचं नाही. तुमच्या हातातलं निळं औषध मिथिलीन ब्लू असेल तर ते मुख्य टाकीत नकोच, उरलेसुरले जिवाणूही जातील.

पोट फुगून खवले उभे राहिलेले दिसले, तर तो आतला आजार असतो. तेव्हा मासा वेगळ्या टबात, एअर स्टोन लावून ठेवा. खरं सांगायचं तर त्या अवस्थेतून फार थोडे मासे परततात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, म्हणून मला आशा वाटते.

उद्या सकाळी अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि तापमान असे चारही आकडे कळवा, आणि गालांचा एक जवळून काढलेला फोटो पाठवा. मग औषधाचं ठरवू.