लाँग रूटच्या ट्रकवर नवीन ड्रायव्हरचं आयुष्य कसं असतं?

निम्मा वेळ गाडी चालवण्यात नाही, थांबण्यात जातो. गोडाऊनच्या गेटवर नंबर लावा, हमालांची वाट बघा, माल खाली झाला की पोचपावतीवर सही-शिक्का घ्या. ती पावती जिवापाड जपा, तिच्यावरच मालकाचं भाडं सुटतं.

हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं झालं आणि वय 20 भरलं, की हेवीचं काढता येतं. पण लायसन्स आहे म्हणून कोणी लगेच भरलेली गाडी हातात देत नाही. आधी उस्तादाच्या, म्हणजे जुन्या ड्रायव्हरच्या, शेजारी बसायचं, टायर ठोकून हवा बघायची, ताडपत्रीचे दोर आवळायचे.

खरी परीक्षा घाटात. कसारा उतरताना ‘न्यूट्रल कर, डिझेल वाचेल’ असं सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. अजिबात ऐकू नका! इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि त्यातच उतरा.

झोपेचं म्हणाल तर कायद्यात दिवसाला 8 तास काम लिहिलंय. रस्त्यावर कोण मोजतंय! ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, साधारण 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे घाई बिलाची नसते, मालकाची असते. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, पण नवख्याच्या वाट्याला बहुधा जुनीच गाडी येते.

नोकरी धरण्याआधी भत्ता किती आणि डिझेलचं अ‍ॅव्हरेज कमी आलं तर पैसे कापणार का, हे स्पष्ट विचारून घ्या.