गावातली पोरं सुरत-पुण्याला आणि मागे फक्त म्हातारी माणसं. ग्रामपंचायत त्यांच्यासाठी काय करू शकते?

पुष्कळ करू शकते, आणि बरंचसं कमी पैशात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा वेळी पत्र्याच्या घरात एकटी राहणारी म्हातारी दुपारी कुठे जाणार? समाजमंदिर १२ ते ५ उघडं ठेवा. पंखा, माठ आणि दोन सतरंज्या एवढं पुरे. एकट्या राहणाऱ्यांची यादी आशाताईंकडून करून घ्या आणि रोज कोणीतरी दारावर हाक मारून येईल अशी सोय करा. माझ्या मते सगळ्यात आधी हेच व्हावं.

दुसरं दुखणं अंगठ्याचं. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही, आणि श्रावणबाळ पेन्शनचे १५०० रुपये न घेताच आजी तालुक्याहून परत. खरं तर आधारवर डोळ्यांची ओळखही चालते. बँकमित्राला डोळ्यांचं मशीन घेऊन महिन्यातून एक दिवस पंचायतीत बसवा. हयातीचे दाखले आणि सत्तरीपुढच्यांची आयुष्मान कार्डंही तिथेच होतील.

एसटी पंचाहत्तरीनंतर फुकट आहे, पण थांब्यावर सावली नि बाक नसेल तर उपयोग काय? दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडाही हवाच.

हे सगळं ग्रामसभेत मांडून विकास आराखड्यात लिहून घ्या, नुसत्या तोंडी होकारावर राहू नका. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो. तो लिहून द्यायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) मदत करावी.